दुपारपाळी

काचेच्या बाटल्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा सगळे म्हणाले, होईल काहीतरी. आणि झालंही. हमरस्त्याला लागून एक भलंमोठं गोदाम उभं राहिलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रम. सूतगिरणी त्याआधीच गेली होती. छापखाना तर कधी गेला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"आता आपल्याकडे दोनच धंदे," पेटीवालीचा नवरा म्हणायचा. "खोकी उचला, नाहीतर म्हातारे उचला." तो खोकी उचलायला गेला, ती म्हातारे.

पेटीवाली हे तिचं कारखान्यातलं नाव. तयार बाटल्या कागदात गुंडाळून पेटीत बसवायचं काम तिनं लग्नाच्या आधीपासून केलं होतं. वृद्धाश्रमात भरवणं, पुसणं, कूस बदलून देणं असली कामं पडली, तीही तिला लवकरच जमली. निम्मे म्हातारे तर ओळखीचेच निघाले. खिडकीजवळच्या खुर्चीत खुद्द कारखान्याचे मुकादम बसलेले असायचे. कारखाना जोरात होता तेव्हाच त्यांना भट्टीसमोर झटका आला होता, आणि त्यानंतर ते ना इकडचे राहिले होते, ना तिकडचे. तिलाही त्यांनी ओळखलं नाही.

जेवणं उरकली की दुपारी दालनात सामसूम व्हायची. एकदा अशाच वेळी मुकादमांचे हात वर उठले. दोन्ही मुठींत काच फुंकायची लांब नळी धरल्यासारखे ते हात गोल फिरू लागले. मग त्यांनी ते बाजूला वळवले, तर पलीकडच्या म्हाताऱ्यानं डोळे न उघडता काहीतरी झेललं. त्यानं ते पुढच्या आजीला दिलं. आजीनं ते उजेडात धरून पाहिलं आणि पुढे सरकवलं.

"हात थरथरतात त्यांचे. वयच आहे," सिस्टर म्हणाल्या.

पण थरथर अशी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात नाही, हे पेटीवालीला कळत होतं.

रोज हेच होऊ लागलं. वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्यांचे हातही त्याच तालात हलत होते. तिथून खालचं काही दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. मग एका दुपारी मास्तरीणबाईंचे हात उठले. बाईंनी जन्मभर शाळेत शिकवलेलं, कारखान्याचा उंबरठाही ओलांडला नव्हता.

"बाई, काय करताय?" पेटीवालीनं विचारलं.

"मला काय माहीत गं?" बाई रडवेल्या झाल्या. "थांबवता येत नाहीत. आणि किती गरम आहे हे!"

तिनं त्यांचा तळहात उघडून पाहिला. फोड आला होता, चांगला टरारून. भट्टीवरच्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी येतो, तसा.

"भरती चालू आहे," मुकादम म्हणाले.

झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून धड शब्द निघाला नव्हता. आता ते पेटीवालीकडेच पाहत होते.

"पॅकिंगला माणूस नाही. माल साचलाय. कुठे उलथली होतीस?"

सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. ट्रे त्यांनी कधी खाली ठेवला कोण जाणे, पण त्यांची मनगटंही हळूहळू वळू लागली होती. आणि आजीच्या पुढची, रांगेच्या टोकाची खुर्ची रिकामी होती. पेटीवालीचे हात शिवशिवले. बसावं असं वाटलं. नुसतं वाटलं नाही, पाय तिकडे निघालेसुद्धा. तिनं टेबलाची कड घट्ट पकडली.

"मुकादम," ती म्हणाली, "भट्टी विझली."

हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. घरच्यांना वाटलं, कशाला त्या जिवाला त्रास? जी भट्टी एकदा पेटली की सणावारालाही विझवत नाहीत, त्या भट्टीपाशी या माणसाचं आयुष्य गेलं होतं.

"कोण म्हणतं?"

"मी होते तिथं. गार होताना विटा तडकल्याचा आवाज ऐकला मी. गेट काढून नेलं, छप्परही नेलं. गवत वाढलंय आता."

सगळे हात एकदम खाली आले. वरच्या मजल्यावरून एकाच वेळी मोठा उसासा ऐकू आला. सिस्टरांनी दचकून ट्रे उचलला. दालन इतकं गार पडलं, की पेटीवालीनं भर दुपारी सगळ्यांना शाली आणून पांघरल्या. मुकादम रडले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली, तर मॅनेजरच्या खोलीबाहेर रांग लागलेली. सगळे म्हातारे केस विंचरून, गळ्यापर्यंत बटणं लावून उभे होते. ज्यांना चौघांनी मिळून कुशीवर वळवावं लागायचं, तेही उभे. मास्तरीणबाईही होत्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मॅनेजर दाराच्या आत भिंतीला चिकटून उभा होता, तोंडचं पाणी पळालेलं.

"काम मागतायत," तो कुजबुजला. "मी काय सांगू यांना?"

मुकादम सगळ्यात पुढे होते. "कुठं भरती आहे का हो?" त्यांनी अदबीनं विचारलं. या माणसानं कधी कुणापुढे मान खाली घातलेली तिनं पाहिली नव्हती.

पेटीवालीला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त लाज वाटली. कारखाना बंद पडल्यावर आपणही असंच कुणाच्या तरी दारात उभं राहिलो होतो.

"आहे," ती म्हणाली. "या माझ्यामागून."

धुण्याच्या खोलीत चादरींचे ढीग पडले होते. तिनं दोघादोघांच्या हाती टोकं दिली. त्यांनी चादरी ताणल्या, झटकल्या, घड्या घातल्या. कुणाचाही हात चुकला नाही. मास्तरीणबाई तर गुणगुणायला लागल्या.

"बरं आहे काम," मुकादम घडीवरून हात फिरवत म्हणाले. "पण कारखाना कसला हा?"

तिनं चादरीची टोकं जुळवली. "म्हाताऱ्यांचा."

"टिकेल?"

"टिकेल, मुकादम. माल कमी पडायचा नाही."

त्यांनी समाधानानं मान हलवली आणि पुढची चादर ओढून घेतली.