कापलेले श्वास

सहावं प्रकरण: कच्चं

काचेपलीकडे लाल दिवा लागला आणि ताईंनी पान उलटलं; दोन बोटांच्या चिमटीत धरून, आवाज न करता. चौदा वर्षांत त्यांच्या पानाची सळसळ माइकमध्ये एकदाही आली नव्हती.

“दिवसातून तीनदा हातातलं काम थांबवा,” त्या वाचू लागल्या, “आणि आपल्याच श्वासाकडे कान द्या.”

काचेच्या अलीकडे बसलेल्या माणसाला सगळे कात्री म्हणत. वाचणारे अडखळतात, खोकतात, आवंढा गिळतात. ते सगळं कापून पुस्तक ऐकणाऱ्याच्या हवाली करायचं, हे त्याचं काम. कानांवर हेडफोन असे, पण अलीकडे तो फारसं ऐकत नसे. पडद्यावर आवाजाची रेघ वरखाली व्हायची. ती बघून त्याचं भागायचं.

जागेपणी कसं जगावं, यावरचं हे दोघांचं सातवं पुस्तक. चौथ्यात मोज्यांवर एक आख्खं पान होतं. मोजे घालताना आधी कुठला पाय पुढे येतो, ते बघा म्हणे. त्या पानाला ताई नऊ वेळा हसल्या होत्या. दहाव्या वेळी कात्रीने पडद्याकडे तोंड फिरवलं, तेव्हा कुठे ते पार पडलं. त्याला आता दोन वर्षं झाली.

प्रकरण संपलं. त्याने बोलायचं बटण दाबलं.

“ताई, सातवं पुस्तक चाललंय. झालात का जाग्या?”

“मी नुसती वाचते रे. जागं व्हायचं काम ऐकणाऱ्याचं.” त्या जरा थांबल्या. “म्हणजे तुझं.”

“मी तर कापतो.”

“मग सुटलो की दोघंही.”

सहावं प्रकरण: साफ

पूर्वी तो श्वास हाताने कापायचा. वाक्य संपलं की रेघेवर श्वासाची एक बारीक टेकडी, तिच्या दोन्ही बाजूंना खूण, मग कात्री. गेल्या वर्षी नवीन प्रोग्रॅम आला, त्यात श्वास काढायचं बटणच होतं. ते दाबायचं आणि चहा घेऊन यायचं.

आज तो चहा घेऊन आला, तेव्हा एकेचाळीस मिनिटांचं प्रकरण एकतीस मिनिटांचं झालं होतं.

एरवी दोन मिनिटं जात, फार तर तीन. मशीनने वाक्यं गिळली असणार, म्हणून त्याने छापील पान समोर ठेवून पहिल्यापासून तपासलं. एक शब्द हलला नव्हता. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा एकतीस.

मग त्याने कच्ची फाईल लावली, पडदा बंद केला आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला.

दिवसातून तीनदा | हातातलं काम | थांबवा | आणि आपल्याच | श्वासाकडे | कान द्या |

प्रत्येक उभ्या रेघेशी एक श्वास होता. लहान, घाईचा, वरच्यावर घेतलेला. याच वाक्याला पूर्वी एक पुरला असता. त्याच्या हाताला ते आठवत होतं.

खात्री करायला त्याने जुनी पुस्तकं उघडली. पहिलं, तिसरं, पाचवं. आवाज तसाच, काठोकाठ भरलेला. मधे नितळ शांतता. ताईंनी इथे वाचलेला शब्द न् शब्द त्याच्याकडे होता. जुना श्वास मात्र एकही नव्हता. कच्च्या फाईली सहा महिन्यांनी पुसायचा नियम होता. नियम त्यानेच केला होता.

त्याला जिना आठवला. स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताई रोज त्याच्या आधी येत आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला टेकून हातातलं पान वाचत उभ्या असत. “काय ताई, आज परीक्षा वाटतं?” असं म्हणत तो दोन-दोन पायऱ्या चढत निघून जाई. त्या मान वर न करता एक बोट वर करत. थांब, वाचतेय.

तो परीक्षेचा विनोद त्याने किती वेळा केला असेल?

कापलेलं

“ताई, जरा बाहेर या. काहीतरी ऐकवायचंय.”

“परत वाचायचंय का? सरळ सांग. आडवळणाने नको.”

“नाही. बसा.”

त्याने आपली खुर्ची दिली, हेडफोन दिला. त्या डोळे मिटून ऐकू लागल्या. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. सेकंदकाटा दोनदा फिरला तरी त्यांनी हेडफोन काढला नाही.

“कोण आहे ही?”

“आजचं सहावं प्रकरण.”

“यात तर शब्दच नाहीत.”

“शब्द काढले. उरलं ते ठेवलं.”

ताईंनी हेडफोन मांडीवर ठेवला. त्याची वायर नीट गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“वय झालं रे. साठीच्या बाईने काय पोहायच्या शर्यतीत उतरायचंय?”

“दहा मिनिटं आहेत ताई. पूर्वी दोन असायची.”

“मोजलंस?”

“मशीनने मोजलं. मी ऐकतच नव्हतो.”

खाली रस्त्यावर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. त्याची टिटी काचेतूनही आत येत होती. रेकॉर्डिंग चालू असतं तर तीही कापावी लागली असती.

“आडवं झालं की जास्त होतं,” ताई वायरकडे बघत म्हणाल्या. “तीन उशा लागतात. लेकीला वाटतं, मला टेकून वाचायची सवय आहे.”

“फोन करू तिला?”

“एवढं पुस्तक होऊ दे. दोनच प्रकरणं उरलीत. मधेच आजारी पडले तर कुठल्यातरी पोरीला बोलावतील. मग पुढचंही तीच वाचेल. मला दुसरं काय येतं, सांग बरं?”

तो आतल्या खोलीत गेला, वाचायच्या टेबलावरचा दिवा मालवला, माइकवर कापडी टोपी चढवली. बाहेर आल्यावर त्याने स्वतःचाच फोन त्यांच्यापुढे धरला.

“दोन प्रकरणं थांबतील. दुसऱ्या कुणाचा आवाज मी लावणार नाही.”

“म्हणजे? प्रकाशक तुझ्या खिशात आहे का?”

“नाही. पण कात्री माझ्या हातात आहे. कापायला वर्ष लावेन.”

ताईंना हसू आलं. हसताना मधेच त्यांना थांबावं लागलं, आणि या वेळी ते दोघांनीही ऐकलं. त्यांनी फोन घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि लेकीचा नंबर पाठ असूनही एकेक आकडा सावकाश दाबला.

जिना

लेक गाडी घेऊन खाली येणार होती. तो त्यांची पिशवी घेऊन एक पायरी पुढे उतरत होता. त्या कठड्याला धरून मागे.

“नवरीला सासरी धाडल्यासारखा चालू नकोस. उतरायला काही होत नाही मला.”

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या थांबल्या. भिंतीला टेकल्या. सवयीने त्यांचा हात त्याच्या हातातल्या पिशवीत गेला आणि पान बाहेर आलं.

त्याने ते पहिल्यांदाच जवळून पाहिलं. घड्यांवर झिजून कागद कापडासारखा मऊ झाला होता. आजच्या प्रकरणातलं ते नव्हतं. उद्याच्याही नाही.

वरच्याच ओळीत मोजे होते.

तो काहीतरी बोलणार होता. ताईंनी मान वर न करता एक बोट वर केलं.

तो त्यांच्या शेजारी भिंतीला टेकला आणि थांबला.