भर दुपारी सांगितलेली गोष्ट

किंग्स्टनची दुपार. पत्र्याच्या छपरांवर वितळलेले कांस्य ओतावे तसे ऊन ओतलेले. सावल्या आंब्यांच्या बुंध्यांशी आक्रसून बसलेल्या. बंदराकडून येणारा वारा खारट, संथ, जणू मंद्र सप्तकातला. आणि त्या धगधगत्या निःस्तब्धतेला भेदून, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका बुटक्या स्टुडिओतून उमटणारा तो नाद. रेगे संगीताचा गंभीर, घनश्याम नाद.

काय तो ठेका! जिथे साऱ्या जगाचे पाऊल पडते, त्या पहिल्या मात्रेवर तो मौन पाळतो. ढोल थांबतो, थांबतो, आणि तिसऱ्या मात्रेवर कडा कोसळावा तसा कोसळतो. गिटार उलट्या अंगाने सपासप कापीत जाते. तळाशी बेस वाहतो, भूगर्भातल्या नदीसारखा, न दिसणारा, पण तळपायांना कळणारा.

त्या ठेक्यासमोर मर्लीन उभी होती. बावीस वर्षांची, सडपातळ, आबनुसवर्णी. इतरांच्या गाण्यांमागे उभी राहून नुसते आलाप भरण्यात तिची चार वर्षे गेली होती. आज पहिल्यांदा गाणे तिचे होते, शब्द तिचे होते. शब्दांतली कथा मात्र आईची होती.

आई, इसिल्डा, पहाडातल्या गावची. तिच्या मुखी जुन्या कथांची अखंड वसती. त्यांतली नदीमाईची कथा मर्लीनच्या रक्तात भिनली होती. ऐन दुपारी डोहातून सोन्याचे मेज वर येते. सुवर्णलोभी मळेवाला बैलांच्या बारा जोड्या जुंपतो, गुलामांच्या हाती दोर देतो, मेज ओढू लागतो. मग जलवासिनी, दीर्घकेशिनी नदीमाई एकच हिसका देते, आणि मळेवाला, त्याचे साखळदंड, त्याची हाव, सारे डोहात! दुसरे कथेकरी बैल आणि गुलामही बुडवीत. इसिल्डा नाही. तिच्या कथेत बैलांचे जू वेळेवर तुटे आणि गुलाम वेळेवर दोर सोडत.

पण गाणे कथेपाशी आले की मर्लीनचा कंठ मिटे. एकदा मिटला. दुसऱ्यांदा मिटला. तिसऱ्यांदा तिने मान खाली घातली.

स्टुडिओचे मालक ग्लॅडस्टन काचेपलीकडून बाहेर आले. "पोरी, संध्याकाळ मोठ्या गवयांची असते. तुझ्या वाट्याला दुपारच येणार. उद्या जमलं नाही, तर हा ठेका मी दुसऱ्याला देईन."

काय सांगणार ती? लहानपणी प्रत्येक मुलाला पहाडात एक धाक असे. गोष्टी अंधार पडल्यावरच सांगायच्या. उजेडी जो गोष्ट सांगेल, त्याची आई टोपली होऊन बसेल. ऐकून हसावे असा धाक. पण गेल्याच महिन्यात इसिल्डा रताळ्यांच्या वाफ्यात भोवळ येऊन कोसळली होती, आणि तेव्हापासून मर्लीनला हसू येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात गेली. हिरव्या केळ्यांचे घड, तांबड्या मिरच्यांचे ढीग, आले-जायफळाचा उग्र सुगंध, आणि त्या रंगकल्लोळात, पहाडातून रताळी विकायला आलेली, डोक्याला निळे फडके बांधून बसलेली इसिल्डा. मर्लीनने सारे सांगितले. सांगता सांगता रडली.

इसिल्डाने हातातले रताळे खाली ठेवले.

"अगं वेडे, तो धाक कुणी घातला, ठाऊक आहे? माझ्या आजीची आजी सांगायची. उसाच्या मळ्यात दिवस मुकादमाचा होता. दिवसा तोंड उघडलं की पाठीवर चाबूक. लेकरं तर बोलायचीच. मग कुठल्याशा आईने त्यांना भीती घातली, की गोष्ट रात्रीच सांगा, नाहीतर मी टोपली होईन. लेकरं गप्प राहिली. पाठी वाचल्या."

"आणि आता, मम्मा?"

"आता तू सांग. तुझा दिवस कुणाचा आहे?"

मर्लीनने डोळे पुसले. भोवती विक्रेतींच्या हाका कारंज्यांसारख्या उसळत होत्या.

"आणि मी काय निराळी आहे टोपलीहून?" इसिल्डा हसत उठली. "चाळीस वर्षं भरतेय आणि रिकामी होतेय. चल, मी येते तुझ्याबरोबर."

दुपारी ती माउली स्टुडिओत आली, आणि वादकांनी आपसूक टोप्या काढल्या. ग्लॅडस्टननी तिच्यासाठी खुर्ची मांडली. "मिस इसिल्डा, तुम्ही फक्त शांत बसा."

"शांत?" ती म्हणाली. "हुंकाराशिवाय कथा कशी चालेल, बाबा?"

ठेका सुरू झाला. मर्लीनने डोळे मिटले नाहीत. आईकडे पाहत तिने पहिली ओळ उच्चारली, गायली नाही, सांगितली. आणि खुर्चीतून, खर्जातून, युगायुगांच्या खोलीतून हुंकार आला. दुसरी ओळ. दुसरा हुंकार. डोह उघडला. मेज वर आले. बैलांच्या घंटा गिटारीत वाजू लागल्या, साखळ्यांचा खणखणाट झांजेत उतरला, आणि 'दोर सोडा!' या शब्दांवर ढोल असा कोसळला, की वादकांच्या अंगावर रोमांच उभे राहिले.

गाणे संपले. इसिल्डा खुर्चीत तशीच होती, घामेजलेली, प्रसन्न, सर्वांगाने माणूस. ग्लॅडस्टननी ध्वनिफीत थांबवली. "हुंकारासकट राहू दे," ते हळूच म्हणाले. "पुन्हा काही घ्यायचं नाही."

तीन महिन्यांनी मायलेकी बसने पहाड चढत होत्या. बस माणसांनी खच्चून भरलेली. वळणावळणांवर बांबूंची बने, खाली निळसर दऱ्या. चालकाने रेडिओ लावला, आणि मर्लीनचा आवाज बसभर पसरला. पहिल्या ओळीमागून तो हुंकार आला. दुसऱ्या ओळीला मात्र एकट्या रेडिओने हुंकार दिला नाही. खिडकीतल्या म्हाताऱ्याने दिला, लेकरू पाजणाऱ्या बाईने दिला, टपावरच्या मजुरांनी दिला. 'दोर सोडा!' म्हणताच चाळीस कंठ एकवटले.

"ही कोण म्हातारी हो, हुंकार देणारी?" शेजारच्या माणसाने विचारले. "आवाजात काय दम आहे!"

"असेल कुणी बाजारातली," इसिल्डा खिडकीबाहेर पाहत म्हणाली.

मर्लीनने ओठ घट्ट मिटून हसू आवरले.

बस चढत राहिली. शिखरावरून शुभ्र मेघ उतरला, रस्त्यावर आला, उघड्या खिडक्यांतून आत शिरला. माणसे दिसेनाशी झाली, दऱ्या दिसेनाशा झाल्या. त्या धवल, आर्द्र, अथांग शुभ्रतेत उरला तो एक ठेका, आणि ठेक्यावर झुलणारे हुंकार. एक इथून, एक तिथून, एक वरून, वर, अजून वर.