बाबांनी सरळ केलेले बूट

सोनोग्राफीहून आत्या घरी गेलीच नाही. थेट बाबांच्या गॅरेजमध्ये आली आणि एका जुन्या टायरवर मट्कन बसली. मी शाळेतून नुकतीच तिथे पोचले होते.

"पाय आत वळलाय," ती म्हणाली. "डावा. पोटातच."

बाबांचा पाना हातातच राहिला. बाबा गाड्यांच्या चाकांचं अलाइनमेंट करतात. रस्त्यापलीकडून जाणाऱ्या गाडीचं चाक केसभर तिरकं असलं तरी त्यांना इकडे चैन पडत नाही.

"आणि बाकी?"

"बाकी नीट आहे म्हणाले. पाठीचा कणा, हृदय, सगळं पुन्हा पुन्हा बघितलं. नुसताच पाय असेल तर बहुतेक बाळं उपचारांनी छान चालतात म्हणे. पण दादा, बहुतेक म्हणजे काय रे? त्या बहुतेकांत माझं नसलं तर?"

तिचं तोंड एवढंस्सं झालं होतं. मला काही राहवेना. मी बूट काढले, मोजे काढले आणि दोन्ही पाय सरळ तिच्या मांडीवर ठेवले.

"शी! वास बघ गं किती!"

"फुटबॉल खेळून आलेल्या पायांना अत्तराचा वास येतो का? ओळख बघू, माझा कुठला वाकडा होता?"

माझं निदानही जन्माआधीच झालेलं. तेव्हा आत्या शिकायला लांब होती. माझं प्लास्टर तिने धड पाहिलंच नव्हतं, कारण फोटो काढायचा म्हटलं की आई माझ्या पायांवर दुपटं टाकायची. आत्याने दोन्ही पावलं हातात घेऊन उलटसुलट केली, तळव्यांना गुदगुल्या झाल्या तरी मी हूं की चूं केलं नाही, आणि शेवटी तिने डाव्यावर बोट ठेवलं.

"चूक! उजवा! पोटरी जराशी बारीक आहे बघ. बूटही थोडा सैल होतो, म्हणून पुढे कापूस कोंबते. पण परवाचा गोल कुणी मारला? ह्यानेच!"

आत्या खुदकन हसली. मग पुन्हा तिचे डोळे भरले.

"वहिनी खमकी आहे गं. मला नाही जमायचं. आधी प्लास्टरं, मग ते मधल्या दांडीने जोडलेले बूट, वर्षानुवर्षं. माझ्या हातून काही चुकलं तर? एकदा चुकलं की संपलंच ना सगळं?"

माझा पाय बरोबर निघालेला, चुकलेल्याचं तो काय सांगणार?

बाबांनी पाना खाली ठेवला. शेजारी एक काका आपली गाडी घ्यायला थांबले होते. आमच्या बाबांचं काम चुकलं असं आख्ख्या रस्त्यावर कुणी म्हणत नाही, आणि म्हटलं तर बाबा ऐकून घेत नाहीत.

"मी चुकलो होतो," बाबा म्हणाले.

मी आ वासून बघत राहिले. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

"हिचे बूट आले ना, तर दांडीला ते असे बाहेर फाकवून बसवलेले. हा पाय एकीकडे, तो दुसरीकडे. मला वाटलं, कुणा शिकाऊ पोराने बसवलेत. घेतला पाना आणि केले दोन्ही समोर. एकदम सरळ. वर तुझ्या वहिनीला म्हटलं, बघ, याला म्हणतात काम!"

"अरे देवा," आत्या म्हणाली.

"मग पाय लागला पुन्हा आत वळायला. डॉक्टरांनी दांडी बघितली आणि विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, मी, चाकं अशी फाकलेली असली तर टायर झिजतात. ते म्हणाले, अहो, ही तुमची मुलगी आहे, जीप नाही!"

काका हळूच म्हणाले, "माझ्या गाडीचं नीट बघितलंय ना?"

आत्या इतकी हसली की पोट धरून बसली. "मग? पुढे?"

"पुढे काय, पुन्हा प्लास्टर. पुन्हा बूट, या वेळी फाकलेलेच. तुझी वहिनी कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. पण पाय आला ना जागेवर! चुकलं तर लगेच दाखवायचं, लपवायचं नाही. एवढंच लागतं."

त्या संध्याकाळी घरी आल्याआल्या मी आईला घट्ट मिठी मारली. लहानपणी मी रडून घर डोक्यावर घ्यायचे, आणि तरी ती रोज मला झोपवताना त्या बुटांचे पट्टे आवळायची. "आज काय नवीन?" ती म्हणाली. मी म्हटलं, "उजव्या पायाकडून आहे."

आत्याचं बाळ जन्मलं. पाय वाकडाच होता, मशीनने फसवलं नव्हतं. प्लास्टरं झाली, टाचेवर छोटासा छेदही झाला, आणि काल बूट आले. नर्सने पट्टे लावले. बाळाची दोन्ही पावलं अशी बाहेर फाकली, जशी काही त्यांनी एकमेकांशी कट्टी घेतलीय. बाळाने भोकाड पसरलं.

बाबांचे हात पाठीमागे होते, पण बोटं वळवळत होती.

"दादा," आत्या म्हणाली, "खिसे दाखव."

बाबांनी गुपचूप खिशातून छोटा पाना काढला आणि माझ्या हातात दिला. "भिंगरे, ठेव दप्तरात. ह्याचे बूट सुटेपर्यंत मागितला तरी देऊ नकोस."

आत्याने बाळाला उचललं. सैल झालेला एक पट्टा पुन्हा आवळला, नीट, न घाबरता. "रड रे राजा," ती त्याला म्हणाली. "ताईसुद्धा अशीच रडायची. बघ कशी पळते आता."