एका डावखुऱ्या कात्रीची जबानी

मित्रांनो, ही गोष्ट १९४३ सालची. आता माझ्या कड्यांवरचा काळा रंग उडाला आहे, मधला खिळा ढिला झाला आहे, पण त्या सकाळची आठवण अजून लख्ख आहे. मी एक जुनी कात्री आहे, आणि तीही डावखुऱ्याची.

माझा धनी शिंप्याचा मुलगा. लहानपणी वडिलांच्या कात्रीने त्याला रेष धरता येईना. कापड वाकडे जाई आणि शेजारचे कारागीर हसत. लोहार म्हणाला, मार द्या, हात बदलेल. वडील म्हणाले, "पोराचा हात नका बदलू. कात्री बदला." मग त्या लोहाराने माझी पाती उलट्या बाजूने जोडली. डाव्या हातात मी लोण्यातून जावी तशी चालते. उजव्या हातात गेले की माझी पाती एकमेकांपासून फाकतात आणि कापड कापण्याऐवजी चावतात.

माझा धनी मोठा झाला, त्याचे लग्न झाले, मुलगी झाली. पुढे गावातले काम आटले आणि त्याने एकट्याने परदेशाची बोट धरली. धक्क्यावर पहारेकऱ्याने मला हत्यार म्हणून अडवले. कागद घेऊन उजव्या हाताने कापून पाहिला, तर कागद नुसता चुरगळला. "हिने तर पापडही मोडायचा नाही," असे म्हणून त्याने मला सोडले. धनी गालातल्या गालात हसला. पुढे बरेच दिवस त्याला हसायला काही कारण मिळाले नाही.

त्या नव्या देशात परक्या माणसाला कुणी उभे करीना. तेवढ्यात लढाई पेटली आणि फौजेने परक्यांनाही भरती करून घेतले. नेकीने नोकरी करणाऱ्याला बायकामुले आणून तिथेच राहता येईल, असा शब्द होता. धन्याने तेवढ्यासाठी वर्दी चढवली.

त्याला विमानातून उडी मारणाऱ्या शिपायांच्या हवाई छत्र्या शिवायच्या छपरीत नेमले. तिथे स्वतःचे हत्यार आणायची मनाई होती. छपरीच्या साहेबांनी त्याचा डावा हात पाहिला आणि मला ठेवू दिले, पण एका अटीवर. मी दुसऱ्या कुणाच्या हाती जाता कामा नये. गेले, तर जबाबदार तो. म्हणून तो रोज संध्याकाळी मला पेटीत घालून कुलूप लावी.

एके दिवशी दुपारी निरोप आला. बायकोला आणि मुलीला यायची परवानगी मिळाली होती, पुढच्या आठवड्यात त्यांची बोट सुटणार होती. धनी घरी तार करायला धावत सुटला, आणि मी टेबलावर उघडीच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला उचलले आणि तिथेच थांबला. माझ्या पात्यांच्या बेचक्यात रेशमाचे धागे अडकले होते. तो मला कधीच तसे ठेवत नसे.

शेजारच्या टेबलावर त्याचा सोबती बसे. त्याच्या तोंडाला खीळ नसे, म्हणून सगळे त्याला गप्पीदास म्हणत.

"माझी कात्री कोणी घेतली होती?"

"मी. माझीची धार गेली होती," गप्पीदास म्हणाला. "दोनच पट्टे कापले. का रे, झिजली की काय तुझी राणी?"

"ते पट्टे कुठे आहेत?"

"शिवून, घडी होऊन गेलेसुद्धा. बाहेर ट्रक भरतोय बघ."

मग धन्याचा चेहरा पाहून त्याच्याही लक्षात आले, की त्याच्या उजव्या हातात मी रेशीम चावले असणार. तो जवळ सरकला. "गप्प बस. शिवणीत झाकलं गेलं असेल. वहिनी बोटीत पाय ठेवायला निघाल्यात, आणि तू तोंड उघडणार? धरतील ते तुलाच."

बाहेर ट्रकचे यंत्र धडधडू लागले. धन्याने मला मुठीत घट्ट धरले. तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा उठला. या वेळी धावत जाऊन ट्रकसमोर उभा राहिला.

"साहेब, यातली एखादी छत्री फाटेल."

"कुठली?"

"माहीत नाही."

"म्हणजे सगळ्या उघडायच्या?" साहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "तुझ्या घरची माणसं येणार आहेत ना?"

"हो साहेब."

मी जप्त झाले. साहेबांच्या टेबलावरून मी सगळे पाहत होते. एकेक छत्री उलगडून दोरीवर टांगली, उजेडासमोर धरली, शिवणीवरून बोटे फिरवली. दुपार झाली तरी काही सापडेना. शिंप्याला स्वप्न पडले, बायको यायच्या आनंदात डोके फिरले, असे टोमणे सुरू झाले. साहेब पुन्हा पुन्हा घड्याळ पाहत होते. काही निघाले नसते, तर धन्याची नोकरीही गेली असती.

गप्पीदास सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. शेवटच्या ढिगातल्या एका छत्रीखाली तो शिरला आणि तिथेच उभा राहिला.

"इथे आहे," तो म्हणाला. "मीच कापलाय हा पट्टा."

शिवणीलगत उंदराने कुरतडल्यासारख्या दोन खाचा होत्या. साहेबांनी दोन बोटांनी हलकेच ओढले. रेशीम कडेपर्यंत टर्रकन फाटत गेले.

अट ती अटच. जबाबदार धनीच ठरला आणि बायकोमुलीची परवानगी रद्द झाली. धन्याने घरी दुसरी तार केली.

पुढचे थोडक्यात सांगते. वर्षभराने परवानगी पुन्हा मिळाली, आणि बायको व मुलगी आल्या. बायको उतरल्यावर दोन दिवस अबोला धरून होती. सारे ऐकल्यावर एवढेच म्हणाली, "तारेत लिहायचं नाही का हे?" फौजेतून सुटताना मी धन्याला परत मिळाले; त्याने तिथेच दुकान काढले, घर केले, आणि त्याच दुकानात तो म्हातारा झाला. गप्पीदासला भटारखान्यात धाडले. लढाईनंतर त्याने खानावळ काढली, आणि गिऱ्हाइके जेवायला कमी, गप्पा ऐकायला जास्त येत. साहेब निवृत्त झाले आणि दरसाल आमच्याकडे विजारीची कंबर सैल करून घेऊ लागले. मुलीने दुकान चालवले. तिच्या मुलांनी मात्र माझ्या पात्यांनी डबे उघडले, तारा तोडल्या आणि मला खणात टाकले. मित्रांनो, कात्री ज्या कामाची असेल त्यालाच वापरा, दुसऱ्याची असेल तर विचारून घ्या. आणि हातून काही बिघडले, तर ट्रक निघण्याआधी सांगा.

एक माणूस मात्र सांगायचा राहिला. ती छत्री ज्याच्या पाठीवर चढणार होती, तो. त्याला आम्ही कधी पाहिले नाही, आणि यातले काही त्याच्या कानावरही गेले नाही. पुढे त्याचे काय झाले ते मला माहीत नाही. मी आपली धरून चालते, की तो कुठेतरी म्हातारा झाला असेल आणि चष्मा सापडत नाही म्हणून घरच्यांवर चिडत असेल.