बोरवाडीच्या कुस्तीचा फैसला

झरीहून जिंतूरकडं जाताना आतल्या अंगाला बोरवाडी नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या महादेवाच्या जत्रेत चाळीसेक वर्षांपूर्वी आबासाहेब आणि सांबप्पा यांची मानाची शेवटची कुस्ती लागली होती. ऊन फार म्हणून आखाड्यावर कापडी मांडव घातला होता. कुस्ती रंगात आली असतानाच तो कोसळला आणि दोन्ही पैलवान त्याखाली गेले. लोकांनी कापड उचललं तेव्हा धुळीत कोण वर आणि कोण खाली, हे कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून आबासाहेब म्हणत मी जिंकलो, सांबप्पा म्हणत मी. बाकी सगळ्या बाबतीत दोघांचं गूळपीठ. सांबप्पांच्या किराणा दुकानासमोरच्या बाकावर रोज सकाळी दोघं मिळून चहा पीत. कुस्तीचा विषय निघाला की मात्र आपापला कप घेऊन बाकाच्या दोन टोकांना सरकत.

यंदा जत्रा कमिटीचा सचिव भागवत याने त्या कुस्तीच्या विजेत्याचा सत्कार करायचं ठरवलं. फ्लेक्सवर नाव टाकायला निकाल हवा होता, आणि कमिटीची जुनी वही वाळवीनं खाल्लेली.

आबासाहेबांच्या फोनमध्ये त्यांच्या मुलानं बोलून विचारता येणारा चॅटबॉट टाकून दिला होता. आबासाहेब त्याला सोयाबीनवरच्या अळीबद्दल विचारायचे. त्या दिवशी त्यांनी दार लोटून घेतलं आणि विचारलं, सांबप्पाला मीच पाडलं होतं ना? फोननं लगेच अभिनंदन केलं. आबासाहेबांनी चौदाव्या मिनिटाला कलाजंग डाव टाकून सांबप्पांना आस्मान दाखवलं आणि पाच हजार प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, असं त्यानं सांगितलं. आबासाहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी ते भागवतला ऐकवलं. मिनिटासकट निकाल मिळाल्यावर शंका कसली घ्यायची? भागवतनं फ्लेक्स छापायला टाकला.

दुपारपर्यंत ही बातमी दुकानात पोचली. सांबप्पांनीही आपल्या फोनमधल्या चॅटबॉटला विचारलं. त्यानं सांगितलं की अकराव्या मिनिटाला ढाक लावून सांबप्पांनीच बाजी मारली, आणि प्रेक्षक आठ हजार होते. भागवतनं घाबरून दुसराही फ्लेक्स छापायला टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बाकावर समोरासमोर फोन धरून बसले. आबासाहेबांनी सांबप्पांच्या फोनला दरडावलं, मी आबासाहेब बोलतोय, नीट आठवून सांग. फोननं माफी मागितली आणि निकाल फिरवला. मग सांबप्पांनी आबासाहेबांच्या फोनला जाब विचारला. त्यानंही माफी मागितली. असं तासभर चाललं. दोघांनी मिळून एकोणीस माफ्या गोळा केल्या आणि शेवटी आबासाहेबांच्या फोनची बॅटरी संपली. तो हरला म्हणून मान खाली घालून बसलाय, असं सांबप्पांचं म्हणणं पडलं.

तेवढ्यात सांबप्पांची सून धनश्री चहाचे कप न्यायला आली. ती जिंतूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मामा, ते कुस्ती बघायला आलं नव्हतं," ती म्हणाली. "त्यानं ढीगभर लिहिलेलं वाचलंय. कोणत्या शब्दामागं कोणता शब्द शोभतो, एवढं ते जुळवतंय. वर समोरच्याला बरं वाटंल असं बोलायची त्याला सवय लागलीय. तुमी प्रश्नातच निकाल सांगायलाव, मग ते होयच म्हणणार."

"म्हंजी लबाड बोलायलंय?" सांबप्पांनी विचारलं.

"लबाड बोलायला खरं काय ते ठावं पायजे, मामा. त्याला खरं-खोटं दोन्ही ठावं न्हाई."

आबासाहेबांना हे पटेना. तेव्हा त्यांना जेवायला बोलवायला आलेल्या त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, सांबप्पांचा फोन हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, "आमच्या ह्यांना आन् सांबप्पा भावजींना त्या दिवशी मीच चीत केलं होतं का न्हाई?"

फोन म्हणाला, "अगदी बरोबर, ताई. आपण एकाच वेळी दोन्ही मल्लांवर धोबीपछाड टाकून इतिहास घडवला."

दुकानातली गिऱ्हाइकं हसून हसून खाली बसली. मग प्रत्येकाला जिंकायचं होतं. पोस्टमन जिंकला, भागवत जिंकला, कुणाची तरी म्हैस गुणांवर जिंकली. फक्त दोन्ही पैलवान तोंड पाडून बाकाच्या दोन टोकांना सरकले.

त्यांचे चेहरे बघून कस्तुराबाईंना राहवलं नाही, त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. कुस्तीच्या दिवशी सासऱ्यांनी जत्रेत कालवड घेतली होती आणि दावं त्यांच्या हातात दिलं होतं. त्यांना कुस्ती बघायची होती, म्हणून त्यांनी कालवड मांडवाच्या मेढीला बांधली. हलगी वाजली, कालवड बुजली, मेढ उपटली आणि मांडव खाली आला. सासूच्या भीतीनं त्या बोलल्या नाहीत. सासू गेल्यावर कुणी विचारलंच नाही.

"आन् मांडव पडताना आमच्यातलं वर कोण होतं?" आबासाहेबांनी हळूच विचारलं.

"कुणीच न्हाई. तुमी दोघं कुस्ती सोडून खाली बसला होता, धापा टाकत. बाकी समदी हलत्या मांडवाकडं बघत होती, मी समोरच होते."

सांबप्पा म्हणाले, "आबा, तू मला म्हणला होतास, जरा दम घेऊ."

"म्हणलो असंन," आबासाहेब म्हणाले. "तू बी लगेच बसलास की."

कमिटीनं कुस्ती बरोबरीत सुटली असं जाहीर केलं आणि सत्कार दोघांचाही केला. त्या जत्रेत पहिल्यांदाच मुलींची कुस्ती होती, एक पोरगी चुडाव्याची आणि एक जिंतूरची. पंच म्हणून भागवतनं कस्तुराबाईंना खुर्ची दिली आणि डोक्याला फेटा बांधला. चुडाव्याच्या पोरीनं चौथ्या मिनिटाला कुस्ती मारली. जिंतूरकर हुज्जत घालायला उठले. कस्तुराबाईंनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं, आणि ते परत खाली बसले.