वायरींचा पीळ

दसऱ्याला क्लास सुरू करणार, असं मालूने गावभर सांगून टाकलं होतं, आणि दसरा आता अगदी तोंडावर आला होता. कळव्यात खाडीच्या अंगाला तिच्या सासऱ्यांचं कौलारू घर होतं. पुढच्या खोलीत पूर्वी जाळी आणि वल्ही पडलेली असत. तिथे आता चार जुने कॉम्प्युटर मांडले होते. डोंबिवलीच्या ज्या क्लासमध्ये ती शिकवायची तो बंद पडला, तेव्हा ते तिने आणि विश्रामने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, टेम्पोत घालून घरी आणले होते.

चारांत सीडी एकालाच लागायची आणि प्रिंटरही एकच. मशीन एकमेकांना जोडली नसती तर मुलांना फ्लॉप्या घेऊन खोलीभर फिरावं लागलं असतं. बाजारात तयार केबली मिळत, पण एक भिंतीपर्यंत पोचेना, तर दुसरी पायात घुटमळेल इतकी लांब. म्हणून मालूने केबलचं अख्खं भेंडोळंच आणलं. बरोबर पारदर्शक कनेक्टरांची पिशवी आणि ते दाबायची खास पक्कड.

"घरीच करू," ती म्हणाली. "वेणी घालता येते त्याला हे येतं."

रविवारी सकाळी तिने विश्रामला एक करून दाखवली. वरची साल ब्लेडने हलकेच काढायची. आत पिळलेल्या चार जोड्या निघतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीत एक वायर रंगीत, दुसरी पांढरी, त्या रंगाचा पट्टा असलेली. त्या उलगडायच्या, सरळ करायच्या, ठरलेल्या क्रमाने शेजारी शेजारी लावायच्या, टोकं एका रेषेत कापायची, कनेक्टरात सरकवायची आणि पक्कड दाबायची. कट्ट असा आवाज आला की झालं. दुसरं टोकही त्याच क्रमाने. केबलचं एक टोक मशीनला आणि दुसरं हबला, म्हणजे सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या डबीला, लावल्यावर तिच्यावरचा बारीक दिवा पेटला आणि मालू लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत सुटली.

डोंबिवलीतल्या दोन मुलांना ती अजून त्यांच्या घरी जाऊन शिकवत असे. "तू जा तुझ्या शिकवणीला," विश्राम म्हणाला. "बाकीच्या मी करतो."

ती संध्याकाळी डोंबिवलीहून परतली तेव्हा केबली तयार होत्या. सुबक कापलेल्या, एकसारख्या, दोऱ्याने बांधून ठेवलेल्या. तिने एक लावली. दिवा लागला नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. एकही चालेना.

मालूने कनेक्टर डोळ्यांजवळ धरला. हिरव्या वायरीच्या जागी तपकिरी बसली होती. त्याच केबलच्या दुसऱ्या टोकाला मात्र सगळं बरोबर होतं.

"अहो, हे काय? घाई केलीत ना?"

"उजेड कमी होता," विश्राम म्हणाला.

उजेड कमी नव्हता. खिडकी पश्चिमेची होती आणि दुपारभर तिच्यातून ऊन येत असे. मालूने भेंडोळ्याचा एक तुकडा कापला, साल काढली आणि दोन वायरी त्याच्यापुढे धरल्या.

"यातली हिरवी कुठली?"

तो बघत राहिला. मग हसला, मग हसणं थांबवलं. "लाव दार," तो म्हणाला.

तिने दार लोटलं.

"रेल्वेची नोकरी मी सोडली नव्हती गं. लेखी परीक्षा पास झालेलो. मेडिकलला गेलो तर डॉक्टरांनी एक पुस्तक काढलं. पानापानावर रंगीत ठिपके. म्हणाले, यात आकडा दिसतो तो वाचा. ते पानं उलटत गेले आणि मला नुसते ठिपकेच दिसत राहिले."

मालूने ती गोष्ट वेगळीच ऐकली होती. सासरे दामाजी कुणीही आलं की सांगत. खाडीत मासळी राहिली नाही म्हणून त्यांनी होडी विकली, पोरगा रेल्वेत चिकटेल अशी आशा धरली, आणि पोराने म्हणे रात्रपाळी नको म्हणून चालून आलेली नोकरी लाथाडली. हे लग्नाच्या आधीचं. तेव्हापासून बापलेक एका पंगतीला जेवत, पण बोलणं कामापुरतंच.

"इतकी वर्षं बोलणी खाल्लीत. सांगितलं का नाही?"

"बाबाने लेखीचा निकाल लागला तेव्हाच गावभर पेढे वाटलेले. त्याला काय सांगू, तुझ्या पोराच्या डोळ्यांत खोट आहे म्हणून? आळशी म्हटलेलं बरं वाटलं."

मालूने हातातल्या वायरी बाजूला ठेवल्या. ती त्याच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली. मग तिला एकदम आठवलं.

"मग लग्नात मी नेसले होते तो हिरवा शालू तुम्हाला कसा दिसला?"

"छान दिसला."

"रंग कुठला दिसला?"

"चिखलाच्या जवळपास," विश्राम म्हणाला. ती इतकी हसली, की बाहेरून सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर विश्राम पुन्हा भेंडोळ्यापाशी बसला. मालू म्हणाली, क्रम मी लावते, तुम्ही नुसती पक्कड दाबा. त्याला ते पटलं नाही. तो सोललेलं टोक बोटांत फिरवत राहिला.

"मालू, ही जोडी बघ, किती घट्ट पिळलीये. आणि ही सैल. सगळ्यांचा पीळ सारखा नाहीये."

तिने निरखून पाहिलं. क्लासमध्ये तिने कित्येक केबली केल्या होत्या, पण रंग दिसत असताना पीळ कोण बघणार? घट्ट होती ती हिरवी. सर्वांत सैल ती तपकिरी, आणि नारिंगी दोन्हींच्या मधली. निळी तर त्याला दिसतच होती. त्यांनी आणखी तुकडे सोलून पाहिले. या भेंडोळ्यात सगळीकडे तसंच होतं. एकदा जोडी ओळखली की तिच्यातली पांढरी कुठली हे त्याला कळत होतं. फक्त पीळ सोडायच्या आधी जोड्या वेगवेगळ्या बाजूंना दुमडून ठेवायच्या.

पहिली केबल चालली. दिवा पेटला तेव्हा विश्रामने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने टाळ्या वाजवायचं विसरून त्याचा दंड घट्ट धरला.

मग त्याला चेव चढला. तो डोळे मिटून, नुसत्या बोटांनी जोड्या ओळखू लागला आणि मालू बरोबर-चूक सांगू लागली. तेवढ्यात दामाजी आत आले.

"डोले मिटून काय करतंस रं?"

विश्रामने डोळे उघडले. मालूला वाटलं, आता हा काहीतरी थाप मारेल. पण त्याने हातातली वायर खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. पुस्तक, ठिपके, पेढे, सगळं.

दामाजी उभेच राहिले. स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई, भागीरथीबाई, पुढे आल्या. हाताला पीठ तसंच होतं.

"अरं, मंग माझ्या बापसावर गेलास तू," त्या म्हणाल्या. "त्याला पिकली मिरची नि हिरवी मिरची कवा कलली नाय. आम्ही पोरी त्याला बाजारात एकटं धाडतच नव्हतो. माझ्या पोरा, मना इचारलं असतंस तर!"

"तू बोलली नायस कधी," दामाजी बायकोवर उखडले.

"तुमी इचारलंत कवा?"

दामाजी पायरीवर जाऊन बसले. विश्राम त्यांच्यामागे गेला. मालू आतच थांबली, पण शब्द ऐकू येत होते.

"मी तुला नको नको ते बोललो."

"जाऊ दे ना बाबा."

"जाऊ दे कसं? चार लोकांत बोललो. तू ऐकून घेतलंस." मग दामाजी खाकरले. "आमी हिरवं बघतो ते तुला कसं दिसतं रं?"

विश्राम त्यांना सांगू लागला. समोरच्या झाडापासून सुरुवात झाली आणि जेवणाची हाक येईपर्यंत दोघे काय काय कसं दिसतं तेच बोलत होते.

दसऱ्याला क्लास सुरू झाला. चारही मशीनना झेंडूचे हार घातले होते आणि प्रिंटरमधून पहिला कागद निघाला तेव्हा शेजारपाजारच्या बायका खिडकीशी जमल्या. पुढे कुणाकुणाच्या दुकानात, हपिसात केबली करायला विश्रामला बोलावणं येऊ लागलं. नवं भेंडोळं आलं की तो आधी मालूकडून त्याचा पीळ समजून घेई.

दामाजींनी मात्र त्याला नवाच ताप दिला. ज्यांच्यासमोर पोराला नावं ठेवली होती त्या प्रत्येकाला ते घरी आणत, खुर्चीवर बसवत आणि म्हणत, "विश्राम, डोले मिट नि दाखव यांना."

"बाबा, जेवतोय मी."

"जेव, जेव. बसलेत ते."


आणि पाहुणा खरंच बसून राही.