हिरवा गोळा

ज्योत्स्नाने छिन्नी खाली ठेवली आणि उजवा हात खांद्यापर्यंत खडकाच्या पोकळीत घातला. विजेरीच्या उजेडात आत हिरवे स्फटिक चमकत होते. असे स्फटिक सिन्नरच्या बाजूला बरेच सापडत, पण चौकोनी, सरळ कडांचे. इथे मात्र त्यांचा एक अखंड गोळा वाढला होता, कवठाएवढा. नऊ वर्षं दर रविवारी, नाशिकच्या कॉलेजातलं भूशास्त्र शिकवणं बाजूला ठेवून, ती खाणी आणि विहिरी धुंडाळत होती ती अशा एका अखंड गोळ्यासाठी. आजवर मिळाले ते सुरुंगाने उडालेले तुकडे.

"देवराम, मला अजून दोन दिवस लागतील," तिने चाळीस फूट खोल विहिरीच्या तळातून वर हाक दिली.

"घ्या की." विहीर खोदणारा देवराम काठावरून वाकला. "कोरडीच हाय विहीर. आम्ही चारला येवल्याला निघतो. उतरायला दोर बांधून ठेवतो तुम्हाला."

त्याच्याशेजारी विहिरीच्या मालकीण सावित्रीबाई बसल्या होत्या. त्यांची ही दुसरी विहीर. पहिलीलाही पाणी लागलं नव्हतं.

ज्योत्स्नाने ब्रशने गोळ्यामागची माती झाडायला घेतली. बोटं ओली झाली. घाम असेल म्हणून तिने हात ओढणीला पुसला आणि पुन्हा आत घातला. गार होतं. गोळ्याच्या बुडाशी, फटीतून, दोऱ्याएवढी धार झिरपत होती.

तिने विजेरी बंद केली. वर पहारी, घमेली ट्रॅक्टरमध्ये पडत असल्याचा आवाज येत होता. चारला ते सगळे निघून जाणार होते.

मग तिने हाक मारली.

देवराम खाली आला. त्याने फटीवर तळहात दाबून धरला.

"झरा हाय. लय दाबून बसलाय मागं. पण इथंच उडवावं लागंल."

"बाजूने नाही जमणार?"

"बाजूनं सुरुंग मारला तर झऱ्याची वाट बुजायची."

"दोन दिवसांनी?"

"येवल्याची विहीर कबूल करून बसलोय, मॅडम. आज गेलो का दिवाळीनंतरच येणं." त्याने आत पाहिलं आणि नजर काढून घेतली. "तुम्हीच सांगा. सुरुंगाचं होल कुठं घेऊ?"

ज्योत्स्नाने पिशवीतला खडू काढला. हात पोकळीत घालून तिने गोळ्याच्या अगदी लगत फुली मारली. ओल्या दगडावर खडू उमटेना, तेव्हा ओढणीने दगड कोरडा केला आणि पुन्हा मारली, ठळक.

"इथे," ती म्हणाली.

सुरुंग उडाला. संध्याकाळी तळाला गुडघाभर पाणी चढलं होतं. सावित्रीबाईंनी पहिली कळशी शेंदून तांब्या भरला आणि तिच्यापुढे धरला.

"गढूळ हाय. गाळ बसू दे, मग पी, बाई."

ज्योत्स्नाने तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि तसाच तोंडाला लावला.